निळं बूच आणि जवळचा चंद्र

गोदीच्या भिंतीवर शेवाळाची हिरवी रेघ संपत होती. तिच्या बऱ्याच वर, दोन दगडांमधल्या फटीत, बाटलीचं एक निळं बूच अडकून बसलं होतं. भिंतीवर चढलेल्या मोजपट्टीने ते बोटाने हलवून पाहिलं. हललं नाही. बुचामागे वाळक्या शेवाळाचा केसांसारखा झुपका होता आणि त्यावर मिठाचा पातळ पापुद्रा. बूच कुणी हाताने खोचलं असतं, तर त्याने सोबत शेवाळ कशाला खोचलं असतं?

“ए मोजपट्टी! भिंतीला गुदगुल्या करतेस का?” शिट्टी खालून ओरडली. “ये लवकर! पाणी चढतंय!”

मोजपट्टी उतरली. तिला शाळेतही याच नावाने हाक मारत, कारण दिसेल ते मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. शिट्टी गोदीतल्या फिटरमामांची मुलगी. तिचा पुढचा दात पडला होता आणि त्या फटीतून ती इंजिनाच्या भोंग्याइतकी मोठी शीळ घालायची. आणि तिसरा भोपळा, मोजपट्टीचा चुलतभाऊ. त्याचं नाव त्याच्या वडिलांनीच ठेवलेलं! गणितात शून्य मिळालं त्या दिवशी गोदी चालवणाऱ्या काकांनी सगळ्या कामगारांसमोर त्याची उत्तरपत्रिका नाचवली होती. “बघा रे, माझ्या पोराने भोपळा आणला!” तेव्हापासून त्याला दुसरं नाव उरलंच नव्हतं.

सुट्टीचा पहिला आठवडा होता, पौर्णिमा होती आणि आज बाबांची लाँच पाण्यात जाणार होती.

बाबांनी ती थंडीच्या सुरुवातीला, मोठ्या भरतीच्या जोरावर, गोदीच्या उतारावर चढवली होती. तळाला रंग द्यायचा, पुढच्या महिन्यात उतरवायची, असा बेत होता. पुढच्या महिन्यात बाबाच नव्हते. चार दिवसांचा ताप आला आणि सगळं संपलं. लाँच जिथल्या तिथे राहिली. तिच्याखालच्या गाड्याची चाकं गंजून रुळांना चिकटली. आता ती ढकलून हलणार नव्हती. पाण्याने उचलली, तरच उचलली जाणार होती.

फिटरमामांनी भिंतीवर खडूने रेघ मारली होती. “इथवर पाणी आलं की बाईसाहेब तरंगल्याच म्हणून समजा!” निळं बूच त्या रेघेच्याही दोन बोटं वर होतं.

पाणी चढत गेलं. सगळे कामगार काम टाकून उभे राहिले. आई शिडाच्या कापडाची घडी हातात धरून वरच्या पायरीवर आली. ती गोदीत येणाऱ्या बोटींची ताडपत्री आणि शिडं शिवायची. पाण्याने गाड्याची चाकं झाकली, आणि खालच्या कोठाराच्या उंबऱ्याच्या बरंच खाली ते थांबलं. खडूची रेघ अजून हातभर वर होती. थोड्या वेळाने पाणी मागे सरायला लागलं.

“झालं?” काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “पौर्णिमा म्हणजे महिन्यातलं सगळ्यात मोठं पाणी. ते आलं आणि गेलं! वहिनी, आता तरी पटलं का? माझा भाऊ जाताना काय ठेवून गेला, तर एक अडगळ उतारावर आणि दोन वरच्या खोलीत!”

वरच्या खोलीत मोजपट्टी आणि तिची आई राहत होत्या.

एक-दोन कामगार हसले. पगार काकांच्या हातात होता. हसणं भाग होतं.

“भंगारवाला येतोय दोन आठवड्यांनी,” काका म्हणाले. “कापून नेईल. मला उतार मोकळा हवाय. विकायची ना? हो म्हणा, विषय संपेल.”

आईने कापडाची घडी या हातातून त्या हातात घेतली. “बघू, भाऊजी.”

गेले सहा महिने ती प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर देत होती.

*

“उतार वर आला असेल,” भोपळा म्हणाला.

“हो ना! उतार रोज सकाळी उठून व्यायाम करतो!” शिट्टीने शीळ घातली. “अरे, काँक्रीट आहे ते!”

“मग लाँच जड झाली असेल.”

“ती काय तुझ्यासारखी चोरून खाते?”

तिघं लाँचच्या डेकवर बसली होती. फिटरमामा खाली इंजिनाला तेल देत होते. लाँच हलो न हलो, ते दर आठवड्याला इंजिन फिरवून बघायचे.

“मामा,” मोजपट्टीने वाकून विचारलं, “बाबांनी लाँच चढवली त्या दिवशी पाणी कुठवर होतं?”

“बापरे! भिंतीला डोकं लावून उभं होतं. मी गाड्याला दोर बांधत होतो, कमरेच्या वर भिजलो. सुकाणू तुझ्या आईच्या हातात होतं. इंचभर इकडे नाही की तिकडे नाही!”

“आणि पौर्णिमाच होती?”

“पौर्णिमाच. तुझ्या बाबांनी तारीख बघून ठरवलेली.”

“मग पौर्णिमा तीच, भिंत तीच, गोदी तीच. पाणी कुठे गेलं?”

“ते समुद्राला विचार, बाई. मी इंजिनाचा डॉक्टर, समुद्राचा नाही!”

मोजपट्टीने समुद्राला नाही, पण चंद्राला विचारायचं ठरवलं. लाँचच्या कठड्याला एक लांब पाइप तारेने बांधलेला होता. विज्ञानाच्या बाईंनी थंडीत दिलेल्या प्रकल्पासाठी बाबांनीच तो बसवून दिला होता. पाइपच्या एका टोकाला डोळा लावायला भोक होतं. दुसऱ्या टोकाला पुठ्ठा होता आणि पुठ्ठ्यात पाचरीसारखी, खाली अरुंद आणि वर रुंद होत जाणारी फट होती. एकाने चंद्र बघायचा, दुसऱ्याने पुठ्ठा वरखाली सरकवायचा. चंद्र फटीत बरोबर मावला की पेन्सिलने खूण करायची. चंद्राची रुंदी कळते ती अशी! पुठ्ठ्यावर एकच खूण होती. लाँच चढवली त्या संध्याकाळी केलेली ती खूण. नंतर पुठ्ठ्याला हात लावायची तिला इच्छाच झाली नव्हती.

संध्याकाळी पौर्णिमेचा चंद्र खाडीच्या पलीकडून वर आला. मोजपट्टीने डोळा लावला.

“वर घे. अजून. नाही, खाली... अगं, खाली म्हटलं ना!”

“माझा हात आहे, बोटी ओढायचं विंच नाही!” शिट्टी कुरकुरली.

“बास! खूण कर.”

नवी खूण फटीच्या बऱ्याच अरुंद भागात आली. मोजपट्टीने पुन्हा मोजायला लावलं. मग भोपळ्याकडून मोजून घेतलं. खूण तिथेच.

“चंद्र आटला?” शिट्टीने तोंडावर हात ठेवला.

“चंद्र नाही आटत. तो लांब गेलाय.” मोजपट्टी हळू बोलत होती, पण तिचे कान गरम झाले होते. “बाई म्हणाल्या होत्या, चंद्र पृथ्वीभोवती अगदी गोल वाटेने फिरत नाही. त्याची वाट जराशी लांबट आहे. कधी तो जवळ असतो, कधी लांब. थंडीतल्या पौर्णिमेला जवळ होता. जवळ म्हणजे जास्त ओढ. जास्त ओढ म्हणजे जास्त पाणी! आजची पौर्णिमा लांबची.”

“म्हणजे सगळे नुसतं पूर्ण आहे की नाही बघतात,” भोपळा सावकाश म्हणाला, “आणि किती जवळ आहे ते कुणीच बघत नाही.”

दोघींनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

“ए, भोपळ्यात बी निघाली!” शिट्टी म्हणाली.

भोपळा हसला. घरात त्याच्यावर जे विनोद व्हायचे, त्यांच्यापुढे हा विनोद म्हणजे लाडच होता.

दुसऱ्या दिवशी लाँचकडे कुणी फिरकलं नाही. मोजपट्टी मात्र भरतीच्या वेळी भिंतीशी जाऊन बसली आणि तिला आणखी एक गंमत दिसली. पाणी कालच्यापेक्षा चार बोटं वर आलं होतं! पौर्णिमा काल झाली आणि तिचं मोठं पाणी आज आलं. जड गाडा ढकलला तरी लगेच कुठे पळतो? तसाच समुद्र. चंद्राने ओढायचं आज, त्याने हलायचं उद्या.

*

पुढे रोज खुणा झाल्या. चंद्र उशिरा उगवू लागला, तेव्हा सकाळी पश्चिमेला फिकट दिसायचा. तेव्हा मोजायचं. तो कमी होत चालला, अर्धा झाला, मग पहाटे पूर्वेला नुसती कोर दिसू लागली. कोरेचं एक टोक फटीच्या या कडेला, दुसरं त्या कडेला लावायचं. शिट्टीला हे मुळीच पटत नव्हतं.

“रोज बारीक होतोय, आणि तू म्हणतेस मोठा होतोय!”

“उजेड बारीक होतोय. चंद्र मोठा होतोय. खुणा बघ.”

खुणा रोज रुंद भागाकडे सरकत होत्या. चंद्र घटत होता आणि जवळ येत होता. अमावस्येला तो दिसणारच नव्हता, पण असणार होता, आणि अगदी जवळ असणार होता. पौर्णिमेला येतं तसंच अमावस्येलाही मोठं पाणी येतं, हे गोदीत सगळ्यांना ठाऊक होतं. यावेळी ते थंडीतल्यासारखं येणार होतं. निळ्या बुचापर्यंत!

मोजपट्टी धावतच गोदीत आली, आणि थबकली. कामगार पाठीवरून सिमेंटची पोती आणून खालच्या कोठारात रचत होते. नव्या धक्क्याचं सिमेंट. कोठार छतापर्यंत भरत आलं होतं.

“काका, ही पोती वर ठेवा,” ती म्हणाली. “अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी कोठारात पाणी शिरेल.”

काका पोत्यावर बसून चहा पीत होते. “कोण म्हणतं?”

“चंद्र जवळ येतोय. मी मोजलाय.”

काकांनी पेला खाली ठेवला. त्यांना गंमत करायची लहर आली, की गोदीत सगळेजण आपापल्या पायांकडे बघू लागत.

“अरे, या सगळे! आमच्या घरात चंद्राचा शिंपी निघालाय! माप घेतो!” त्यांनी तिला बखोटीला धरून तेलाच्या पिंपावर उभं केलं. “सांग बाळ, मोठ्याने सांग. काय म्हणतोय चंद्र? बाप कुठे दिसला का वर?”

कामगार हसले. थोडं उशिरा, पण हसले. मोजपट्टी पिंपावर उभी होती. वरच्या पायरीवर आई उभी होती. तिच्या हातातली सुई कापडात अर्धी टोचलेली राहिली होती.

“पौर्णिमेचं पाणी उंबऱ्याच्या खालीच थांबलं,” काका म्हणाले. “मी स्वतः बघितलंय. जे पौर्णिमेला झालं नाही ते अमावस्येला होणार? उतर खाली! आणि वहिनी, परवा भंगारवाला येतोय. आता तरी बोला!”

“बघू, भाऊजी.” आईचा आवाज जेमतेम ऐकू आला.

तिघं लाँचच्या सावलीत येऊन बसली.

“पुन्हा सांगू या का बाबांना?” भोपळा म्हणाला. “सिमेंट भिजलं तर दगड होतं.”

“तू सांगतोस?” मोजपट्टीने विचारलं.

भोपळ्याने आपला कान चोळला. “मी? नको.”

“मीही नाही. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं.”

शिट्टीने दोघांकडे पाहिलं. मग तिने एक खडा उचलून पाण्यात भिरकावला.

*

अमावस्येला सूर्य डोक्यावर यायच्या सुमारास भंगारवाला आला, हातगाडीवर सिलिंडर आणि गॅसकटर घेऊन. पाणी चढत होतं, आणि पौर्णिमेपेक्षा जास्त चढत होतं! कोठाराचा उंबरा ओला झाला. पाणी खडूच्या रेघेखाली तीन बोटांवर आलं. मोजपट्टी श्वास रोखून बघत होती. लाँच एकदा कुरकुरली. सगळ्यांनी ऐकलं ते.

आणि पाणी थांबलं.

“हलली, पण उठली नाही!” काकांनी टाळी वाजवली. “हौस फिटली? चला, पेटवा!”

“काका, उद्या! उद्या पाणी अजून वर येणार. फक्त उद्यापर्यंत थांबा!”

“उद्या, परवा, तेरवा! तू आईवरच गेलीस. पेटवा हो!”

भंगारवाल्याने सिलिंडरजवळ वाकून पाहिलं. मग हातगाडीखाली. मग स्वतःचे खिसे उलटे केले. “चावी? सिलिंडरची चावी कुठे गेली? आत्ता तर इथे होती!”

सगळ्यांनी शोधाशोध केली. शिट्टी सगळ्यांच्या पुढे राहून, नको तिथे शोधत होती. “इथे आहे वाटतं! नाही, खेकडा आहे!” भंगारवाला चिडला. दुसरी चावी त्याच्या दुकानात होती, आणि दुकान खाडीपलीकडे. “उद्या येतो. गाडीभाडं मात्र आजचंही घेणार!”

काका शांत झाले. ते शांत झाले की जास्त वाईट असे. त्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि भोपळ्याला जवळ बोलावलं.

“चावी.”

“माझ्याकडे नाही.”

हे खरं होतं. त्याच्याकडे नव्हती. पहिली चापट बसली. “कुठे आहे?” भोपळा पाण्याकडे बघत राहिला. दुसरी बसली. मोजपट्टी पुढे झाली तर फिटरमामांनी तिचा दंड धरला. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, पण दंड सोडला नाही. ते नोकर होते. तिसऱ्या चापटीला भोपळा खाली बसला.

“शून्याला कितीही मारा, शून्यच!” काका म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी मोजपट्टीच्या आईने भोपळ्याच्या गालावर ओलं फडकं धरलं. त्याची आई तो रांगत होता तेव्हाच गेली होती. त्याला न्हाऊमाखू घातलं ते या काकूनेच.

“कुठे ठेवलीस रे?” शिट्टीने हळूच विचारलं.

“कोठारात. तळच्या पोत्यात खुपसली.” त्याचा ओठ सुजला होता, बोलणं बोबडं येत होतं. “उद्या बाबांना पोती हलवावीच लागतील ना! तेव्हा सापडेल.”

शिट्टीला हसू फुटलं. भोपळ्यालाही हसायचं होतं, पण ओठ दुखला. आई मात्र हसली नाही. ती त्या सुजलेल्या ओठाकडे बघत राहिली, एखाद्या फाटलेल्या शिडाकडे बघावं तशी, टाका कुठून घालायचा ते ठरवत.

*

दुसऱ्या दिवशी पाणी भराभर चढायला लागलं.

वारा नव्हता, लाटा नव्हत्या. पाणी नुसतं वर येत होतं, दूध उतू जायच्या आधी वर येतं तसं. त्याने चाकं झाकली, गाडा झाकला, कालचा ओला डाग झाकला. काका भंगारवाल्याबरोबर वरच्या ऑफिसात घासाघीस करत होते. आई आज आपणहून लाँचवर चढली होती आणि सुकाणूपाशी उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. फिटरमामा इंजिनापाशी होते. भोपळा आणि मोजपट्टीने दोर सोडून धरले होते.

“रेघेला लागलं!” शिट्टी भिंतीवरून ओरडली. “रेघ गेली! एक बोट वर! मोजपट्टी, तुझं बूच! बूच ओलं झालं!”

निळं बूच फटीतून सुटलं आणि तरंगत निघालं.

लाँच कण्हली. गाड्याच्या लाकडांतून सुटताना तिने एक लांब करकर आवाज केला, आणि मग आवाज बंद झाला. डेक पायाखाली अलगद झुलला. इतके महिने तो हलला नव्हता!

“तरंगली! तरंगली!” शिट्टीने अशी शीळ घातली की बगळे उडाले. “मामा, म्हणजे बाबा! चालू करा!”

इंजिनाने एकदा खोकून पाहिलं आणि धडधडू लागलं.

त्या आवाजाने काका ऑफिसातून बाहेर आले. त्यांनी लाँच पाहिली. मग त्यांनी कोठाराचं दार पाहिलं. पाणी उंबरा ओलांडून आत शिरलं होतं.

“सिमेंट!” ते किंचाळले. “अरे, बघता काय? पोती काढा!”

ते धावत पाण्यात शिरले. दार उघडताच आतून करडा लगदा बाहेर आला. एक पोतं त्यांनी उचललं, ते हातातच फुटलं. दुसरं उचललं, तेही फुटलं. ते घसरून पडले आणि डोक्यापासून पायापर्यंत राखाडी होऊन उठले. कामगार वरच्या पायरीवर उभे होते. कुणी पाण्यात उतरलं नाही. मग कुणीतरी हसलं. आज हसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. तरी सगळे हसले, अगदी पोट धरून.

मोजपट्टी बघत होती. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. तिने वाट पाहिली. वाटलं नाही.

“पोरी,” फिटरमामा वर येऊन म्हणाले, “तीस वर्षं या गोदीत घालवली. पौर्णिमा आली की पाणी बघायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. चंद्र किती लांब आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शाब्बास! तिघांचीही शाब्बास!” त्यांनी भोपळ्याच्या खांद्यावर हात ठेवला. काल मोजपट्टीला अडवणारा हात. भोपळ्याने खांदा काढून घेतला नाही.

भंगारवाल्याने मान हलवली. “माझं भाडं बुडालं, पण पोरं हुशार हो!”

पाण्यातून काका लाँचच्या बाजूला आले. पापण्यांवर सिमेंट होतं. त्यांनी मोजपट्टीकडे पाहिलंच नाही.

“तुला माहीत होतं?” त्यांनी भोपळ्याला विचारलं.

“हो, बाबा.”

“पाणी येणार, पोती जाणार, सगळं?”

“ताईने तुम्हाला सांगितलं होतं. मी तिथेच होतो.”

काकांनी कठडा धरला आणि दुसरा हात वर घेतला. भोपळ्याने डोळे मिटले, पण तो मागे सरला नाही. सुकाणूवरून आई पुढे आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. काकांचा हात हवेतच राहिला.

“मध्ये पडू नका, वहिनी! हा आजपासून माझ्या घरात पाऊल ठेवणार नाही! आणि तुम्ही, तुमचं काय ते एकदाचं सांगून टाका. भंगारवाला समोर उभा आहे. विकताय की नाही? बोला! की पुन्हा आपलं बघू?”

इंजिन धडधडत होतं. कामगारांचं हसणं थांबलं. मोजपट्टीने आईचे ओठ पाहिले. ते मिटले, पुन्हा उघडले. इतके महिने ज्या शब्दाची सगळ्यांना सवय झाली होती, तोच आता येणार, असं तिलाही वाटून गेलं.

आईने उरलेला दोर कठड्यावरून सोडवला आणि पाण्यात टाकला.

“नाही विकणार, भाऊजी. लाँच मी चालवणार. आणि माझी दोन्ही मुलं माझ्याबरोबर येणार.”